मा. कामगार मंत्री यांस खुले पत्र : आमचे तास मोजणार कोण?

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

नोकरीला लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचा जुलै २०२४ मध्ये पुण्यात मृत्यू झाला. मुलीची झोप उडाली होती, ती सतत धास्तावलेली असे आणि त्याला कामाचा बोजा कारणीभूत होता, असे तिच्या आईने कंपनीला लिहिले. कंपनीने ते मान्य केले नाही. त्या वादात मी पडत नाही. मात्र आपल्या विभागाचे अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे उघड झाले. इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते.

मी पुण्यातच एका आयटी कंपनीत नोकरी करतो. २०१७ च्या या कायद्याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवून दिला. पण व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांवरील माणसे त्यातून वगळली. आमच्याकडे चार-पाच वर्षांत जो तो कशाचा ना कशाचा ‘लीड’ म्हणजे प्रमुख होतो आणि पर्यवेक्षक म्हणून कायद्याबाहेर जातो, मग हाताखाली एकही माणूस नसला तरी चालते. टाइमशीटमध्ये आठ तास भरायचे असतात. कोणी खरे अकरा भरले, तर ती ‘दुरुस्त करा’ अशा शेऱ्यासह परत येते. रात्री साडेदहाला अमेरिकेतील ग्राहकाशी होणारा कॉल त्यामुळे कुठल्याच कागदावर दिसत नाही.

मग नोकरी सोडत का नाहीत, असे विचारले जाते. घराचा हप्ता वीस वर्षांचा असतो, लग्नाच्या बोलणीत पॅकेज आधी विचारले जाते आणि घरी गाऱ्हाणे मांडलेच, तर ‘एसीत बसून कसला आलाय ताण?’ हे ठरलेले उत्तर मिळते. कंपनीने दिलेल्या समुपदेशनाच्या क्रमांकावर फोन करायलाही माणसे कचरतात, कारण एचआरला कळले तर अप्रेझलवर परिणाम होईल ही भीती असते. ती खरी की खोटी, हे पडताळून पाहण्याची जोखीम कोणी घेत नाही. मानसिक आरोग्यासाठी फोनवर समुपदेशन देणारी शासनाची १४४१६ ही टेलिमानस सेवा चांगली आहे. परंतु फोन ठेवल्यावर माणूस पुन्हा त्याच कॉलवर बसणार असेल, तर समुपदेशकाने तरी काय करावे?

अशात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. गुंतवणूक यावी, हे मलाही पटते. पण जिथे नववा तास मोजला जात नाही, तिथे दहावा कोण मोजणार?

तेव्हा विनंती अशी की, तासांच्या मर्यादेतून सूट पदनामावर न देता प्रत्यक्ष कामावर द्यावी, आणि तपासणीत हजेरीपत्रकाबरोबर संगणकावरील लॉगिनच्या नोंदीही मागवाव्यात. त्या आमच्यासारख्या कंपन्यांकडे मिनिटामिनिटाच्या हिशेबाने असतात. आम्ही दहा मिनिटे जागेवर नसलो, तर त्याच नोंदी आम्हाला दाखवल्या जातात.

आपला,
एक आयटी कर्मचारी, पुणे