पेन्शनच्या रकान्यातले साडेबाराशे

ताई, सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडून दीड वर्ष झालेल्या माणसाचा फोन पगार विभागात कोण उचलतं? तुम्ही उचललात, वर "सिन्नरचं कॅन्टीन बरंय का रे?" असंही विचारलंत. मला फक्त पीएफ ट्रान्सफर टाकायला अंबडच्या कंपनीतली सोडल्याची तारीख हवी होती. ती तुम्ही तोंडपाठ सांगितलीत आणि म्हणालात, "आधी नवं पासबुक दाखव. त्याशिवाय काही टाकू नकोस."

पाथर्डी फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरून तुम्ही टपरीच्या बाकावर दोन्ही पासबुकांच्या प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्यात. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकीवर तुमचा डबा, दुसरीवर माझं हेल्मेट. हिरव्या पेनाचं टोक शेवटच्या, पेन्शनच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. जुन्या पासबुकात सात वर्षं नुसती शून्यं. नव्यात ऑगस्ट २०२३ पासून दर महिन्याला १,२५०. "हे कुठून आलं?" तुम्ही विचारलंत. खरं सांगू, तो आकडा मी आधीही पाहिला होता आणि खूश झालो होतो. वाटलं, ही कंपनी पेन्शनही देते!

मग तुम्ही चहा गार होऊ देऊन समजावलंत. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदा पीएफला लागला आणि तेव्हाच ज्याचा बेसिक, म्हणजे मूळ पगार, पंधरा हजारांच्या वर होता, त्याला पेन्शन योजना लागूच होत नाही. मी लागलो २०१६ मध्ये, १८,००० बेसिकवर. म्हणून तुम्ही कंपनीचे बाराच्या बारा टक्के माझ्या पीएफमध्येच भरत होतात. ती शून्यं चूक नव्हती, तुमचं काम चोख असल्याची खूण होती. नव्या कंपनीत बेसिक २८,०००, कंपनीचा वाटा ३,३६०. त्यातून पंधरा हजारांचे ८.३३ टक्के, म्हणजे साडेबाराशे, पेन्शनकडे वळत होते आणि पीएफवर जमत होते जेमतेम २,११०. एकोणीस महिन्यांचे २३,७५० रुपये भलत्याच खात्यात, आणि पीएफचं व्याज त्यावर नाही.

चूक माझीच. रुजू होताना फॉर्म ११ मध्ये दोन वेगळे प्रश्न असतात: आधी पीएफचे सभासद होता का, आणि पेन्शन योजनेचे होता का. मी दोन्हींपुढे "होय" वर टिक करून मोकळा झालो. पीएफ म्हटलं की पेन्शन आलीच, असं मला वाटायचं. माझ्यासारखे बरेच असतील.

इथपर्यंत सांगून तुम्ही थांबला असतात तरी उपकारच होते. पण आमच्या एचआरमधला मुलगा "कंपनीची चूक" असं लिहून द्यायला घाबरतोय म्हटल्यावर पीएफ ऑफिसला द्यायच्या पत्राचा मसुदा तुम्हीच लिहिलात. "सभासदाने अनवधानाने दिलेल्या माहितीनुसार" या चार शब्दांत तो मुलगाही सुटला, कंपनीही. सोबत महिनावार तक्ता, फॉर्म ११ ची प्रत, कंपनीच्या आणि माझ्या सहीचं जॉइंट डिक्लरेशन, आणि विनंती एकच: दहा नंबरच्या खात्यातली रक्कम एक नंबरच्या खात्यात घ्यावी. दहा म्हणजे पेन्शन, एक म्हणजे पीएफ, हेही मला त्याच दिवशी कळलं. सातपूरच्या पीएफ ऑफिसला जाताना सगळ्याच्या दोन प्रती ने, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको, हे तुम्ही तीनदा बजावलंत. तीनदा कशाला, असं तेव्हा मनात आलं होतं. माफ करा.

पैसे पीएफमध्ये आलेत. नव्या पासबुकाची प्रिंट सोबत जोडलीय, पेन्शनचा रकाना तेवढा बघा. पेढे आणले तर तुम्ही म्हणालात, "त्या एचआरच्या पोराला दे, बेरजा त्याने केल्यात." दिले. त्यानेही दोन खाऊन बाकीचे ऑफिसात वाटले.

आणखी एक त्रास देतो. आमच्या लाईनवरच्या एकाच्या पासबुकातही तेच साडेबाराशे दिसतात आणि माझं ऐकून तो घाबरलाय. पण त्याची पहिली नोकरी २०१२ ची, पीएफ तेव्हापासूनचा आणि जुन्या पासबुकातही पेन्शनचे पैसे दिसतात. म्हणजे त्याचं बरोबरच आहे, होय ना? मी त्याला तसंच सांगितलंय, तरी शनिवारी त्याला फाट्यावर घेऊन येतो. हिरवा पेन असू द्या.

तुमचा,
शून्यांवाला