सिफिवेताई, तुमचे आणि तुमच्या आज्यांचे आभार

सिफिवे ह्लोफेताई, स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी सांगली जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या कुटुंबांमध्ये काम करते. आई-बाप गेलेली नातवंडं वाढवणाऱ्या आज्या इथेही आहेत. त्यांच्याकडे कसं बघावं हे तुमच्या कामातून मला कळलं, म्हणून हे पत्र.

१९९९ मध्ये परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी तपासणी करावी लागली आणि तुम्हाला एचआयव्ही असल्याचं समजलं. शिष्यवृत्ती गेली, नवराही सोडून गेला. २००१ मध्ये तुम्ही आणखी चौघी बाधित मैत्रिणींना घेऊन ‘स्वापोल’ ही संस्था काढली. तेव्हा आफ्रिकेतल्या तुमच्या स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत, सरकारी दवाखान्यात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्याही मिळत नव्हत्या. स्वतःचं उद्या काय होणार ठाऊक नाही, आणि तुम्ही भाजीचे मळे लावत होतात, अनाथ पोरांच्या जेवणाची सोय बघत होतात!

तुमच्या देशातल्या वस्त्यांवरच्या त्या सगळ्या बायकांचेही आभार, ज्या सरपण गोळा करून चुलीवर मक्याची लापशी आणि घेवडा शिजवतात, पोरांना जेवू घालतात, अंकओळख करून देतात. बहुतेकींना त्याचे पैसे मिळत नाहीत. २०१५-१६च्या दुष्काळात धान्याची किती ओढाताण झाली असेल, याची कल्पना आमच्या दुष्काळी जत-आटपाडीच्या बायकांना लगेच येईल.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती मे २०१० मध्ये, तुमच्या देशातल्या मांझिनी शहरात. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे ५०० आज्या तिथे जमल्या आणि नातवंडांसाठी तर त्यांनी मागितलंच, पण स्वतःसाठीही मागितलं. म्हातारपणी आर्थिक आधार हवा, हिंसेपासून संरक्षण हवं, असं त्या उघड म्हणाल्या. आजीने स्वतःसाठी काही मागणं आमच्याकडेही सोपं नाही. ‘माझं काय, पोराचं बघा,’ हेच ऐकू येतं.

आमच्याकडे फाईल असते पोराच्या नावाची. गोळ्यांच्या वेळा, वजन, शाळा, बालसंगोपन योजनेचा अर्ज, सगळं पोराचं. पोराला दवाखान्यात आणणारीचे गुडघे, तिचं बीपी, तिची श्रावणबाळची पेन्शन कुठे अडकली, हे कोणत्याच रकान्यात नसतं. मांझिनीबद्दल वाचल्यावर आम्ही आज्यांची वेगळी बैठक सुरू केली. तिथे आधी त्यांच्याबद्दल बोलायचं, नातवंडांचं नंतर. पहिल्यांदा बराच वेळ कुणी तोंड उघडलं नाही. मग एकीने रात्री झोप लागत नाही म्हणून सांगितलं आणि बाकीच्याही बोलू लागल्या. आता पेन्शनच्या अर्जासाठी त्या एकमेकींना घेऊन तहसील कचेरीत जातात.

त्यांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. त्यांनी तुम्हा सगळ्यांना नमस्कार कळवलाय, आणि तुमच्याकडे घेवड्याला फोडणी कशाची देतात, तेही विचारलंय. जमलं तर कळवा.

तुमची,
सांगली जिल्ह्यातली एक कार्यकर्ती