महाबळेश्वरात काचेवर बर्फ धरतो : तुमच्या उत्तराबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : गाडीच्या काचेवरील बर्फ काढण्याचा स्प्रे, त्यासोबतची खरवडपट्टी आणि त्यांबाबत तुमच्या कार्यालयाने दिलेले उत्तर

महोदय,

मी महाबळेश्वरात पर्यटक टॅक्सी चालवतो. गाडी स्वतःची आहे आणि राहायला लिंगमळ्याच्या बाजूला आहे. थंडी सुरू होताना साताऱ्यातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून तुमच्या कंपनीचा स्प्रे घेतला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. स्प्रेने साफ केलेली काच चालत्या गाडीत पुन्हा गोठते, ही तक्रार आधी फोनवर आणि मग लेखी कळवली होती. त्यावर जे उत्तर आले ते वाचून हे दुसरे पत्र थेट तुम्हाला लिहीत आहे. बाटलीची किंमत हा यातला लहान भाग आहे.

तुमच्या उत्तरात दोनच मुद्दे आहेत. महाराष्ट्रात बर्फ पडत नसल्यामुळे मी स्प्रे भलत्याच कामासाठी वापरला असावा, हा पहिला. आणि तरीही काचेवर थर दिसलाच तर त्यावर गरम पाणी ओतावे, हा दुसरा. पहिला चुकीचा आहे, दुसरा धोक्याचा आहे.

आमच्याकडे आकाशातून बर्फ पडत नाही, हे खरे. पण काचेवर बर्फ धरायला तो वरून पडावाच लागतो असे नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री आभाळ निरभ्र असले आणि वारा पडला की गाडीचा टप, बोनेट आणि पुढची काच आपली ऊब उघड्या आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. वेधशाळेचा आकडा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या पेटीतला असतो. तिथे पारा ४ अंश दाखवत असताना उघड्यावरची काच शून्याच्या खाली गेलेली असू शकते. त्यातून गार हवा जड, ती उतारावरून सखल जागी येऊन साचते. म्हणून बाजारपेठेत नुसते दहिवर असते त्याच पहाटे वेण्णा तलाव ते लिंगमळा या पट्ट्यात गवत, स्ट्रॉबेरीची पाने आणि गाड्यांचे टप पांढरे झालेले दिसतात. थंडीचा कडाका पडला की साताऱ्याच्या दैनिकांत त्याचे फोटो येतात. तुमच्या कार्यालयातल्या कोणी एकदा जिल्ह्याच्या पानावर नजर टाकली असती, तरी हे उत्तर गेले नसते.

हा थर दोन तऱ्हेचा असतो, हेही तुम्हाला माहीत असायला हवे, कारण तुम्ही त्यावरचे औषध विकता. हवेतली वाफ काचेवर थेट गोठली तर पांढरे, भुसभुशीत हिमकण बसतात. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने सहज निघतात. आधी दहिवर पडून मग ते गोठले तर पातळ, टणक, पारदर्शक पापुद्रा तयार होतो आणि तो काच सोडत नाही. आम्हाला त्रास याच दुसऱ्या थराचा आहे, आणि स्प्रे मी त्यासाठीच घेतला होता.

आता त्या पहाटेविषयी. एका वयस्कर जोडप्याला सूर्योदयासाठी विल्सन पॉइंटला न्यायचे होते. सहाच्या आधी निघालो. काचेवर स्प्रे मारला, थर वितळला, वायपर फिरवला, काच स्वच्छ झाली. बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच सगळे केले होते. गाडी वेण्णा तलावाच्या बाजूने निघाली आणि जरा वेग घेताच काचेवर बाहेरून पुन्हा जाळी धरू लागली. तेवढ्यात समोरून एसटी आली. तिच्या दिव्यांचा उजेड त्या जाळीवर पडला आणि संपूर्ण काच पांढरी झाली. रस्त्याची कड दिसेना, एसटी दिसेना. खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी डावीकडे घेतली आणि थांबवली. मागे बसलेल्या आजी देवाचे नाव घेत होत्या. वीस वर्षांहून जास्त काळ हा रस्ता चालवतोय, पण पुढे काहीच दिसत नाही असे पहिल्यांदाच झाले.

हे का झाले, याचा विचार मी नंतर केला. असे स्प्रे अल्कोहोलच्या जोरावर चालतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांला गोठते, इथेनॉल उणे ११४ अंशांला. ते पाण्यात मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पण अल्कोहोल लवकर उडून जाते, आणि उडताना काचेची ऊबही घेऊन जाते. मिश्रणात पाणी जास्त असेल, तर अल्कोहोल उडाल्यावर काचेवर उरते ते जवळजवळ निव्वळ पाणी. काच अजून शून्याखाली, वर चालत्या गाडीचा वारा. ते पाणी परत गोठणारच. न उडणारा ग्लायकॉलसारखा घटक पुरेसा असेल तर हे टळते. तुमच्या बाटलीत काय किती आहे ते मला सांगता येत नाही, कारण बाटलीवर ते लिहिलेलेच नाही. किती अंशांपर्यंत चालेल, निघण्याआधी काच आतून किती गरम झालेली असावी, थर पुन्हा धरू शकतो, यातले एक अक्षर नाही. ज्वलनशील असल्याचा इशारा आहे, तोही इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या टायपात. आमच्या स्टँडवर पहाटे शेकोटी असते आणि तिच्याभोवतीच गाड्या उभ्या असतात.

सोबत दिलेल्या खरवडपट्टीला धातूची धार आहे. तिने ड्रायव्हरच्या बाजूला काचेवर चरे पडले. दिवसा ते जाणवत नाहीत, रात्री समोरून दिवे आले की प्रत्येक चरा चमकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असे सांगतो. काचेतून नीट दिसणे कायद्यालाही इतके महत्त्वाचे वाटते, आणि काच साफ करायला म्हणून दिलेली वस्तू तीच काच खराब करते.

गरम पाण्याच्या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे. पुढची काच दोन काचांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. गोठलेल्या बाहेरच्या काचेवर कढत पाणी पडले की तो भाग एकदम प्रसरण पावतो, शेजारचा भाग आणि आतली काच गारच राहते, आणि त्या ताणाने तडा जातो. पसरणी घाट किंवा केळघर घाट रोज चढणाऱ्या गाडीच्या काचेवर खडीचा एखादा टवका असतोच. तडा तिथूनच सुरू होतो आणि बघता बघता काचभर धावतो. शिवाय ओतलेले पाणी वायपरच्या बुडाशी उतरून तिथेच गोठते. मग वायपर चालू केला तर रबर फाटते, नाहीतर मोटर जळते. आमच्या स्टँडवर नव्याने आलेल्या पोरालाही कोणी हा सल्ला देणार नाही, आणि तुम्ही तो कंपनीच्या कागदावर लेखी देता.

आम्ही इथे काय करतो तेही सांगतो. रात्री वायपर उचलून ठेवतो, काचेवर गोणपाट किंवा जाड पुठ्ठा टाकतो. सकाळी इंजिन चालू करून ब्लोअरची हवा पुढच्या काचेवर सोडतो, आधी कोमट आणि मग गरम. एसी चालू ठेवतो म्हणजे आतली ओल जाते, आणि हवा बाहेरून घेतो, गाडीतली फिरवत नाही. पण याला वेळ लागतो आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. रात्री उशिरा पॅसेंजर सोडून आलो की गोणपाट टाकायचे राहूनही जाते. म्हणून स्प्रे हवा असतो. चांगला स्प्रे मिळाला तर स्टँडवरचे सगळेच घेतील, हे मी मनापासून लिहितो.

आम्ही तरी स्थानिक आहोत, रस्ता अंगवळणी पडलेला आहे. मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आलेला माणूस हॉटेलच्या आवारात गाडी उघड्यावर लावतो, सकाळी काच पांढरी बघून गोंधळतो आणि दुकानात दिसेल ती बाटली घेतो. त्याला वळणे माहीत नसतात. गाडीत लहान मुले असतात. काच साफ दिसली की तो निघतो, आणि पुढच्या वळणावर ती पुन्हा गोठली तर गाडी कुठल्या बाजूला घ्यावी हे त्याला कळणार नाही. मला काळजी त्याची आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. गरम पाण्याचा सल्ला तुम्ही लेखी मागे घ्यावा आणि तुमच्या ग्राहक सेवेतल्या प्रत्येकाला तो देण्यास मनाई करावी. ही गोष्ट आधी व्हावी, बाकीची नंतर झाली तरी चालेल. बाटलीवर घटक, किती अंशांपर्यंत उपयोगी, पुन्हा गोठण्याचा धोका आणि आगीचा इशारा हे सगळे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. धातूच्या धारेची पट्टी बंद करून प्लॅस्टिकची द्यावी. स्प्रेचे पैसे आणि काचेला पॉलिश करून घेण्याचा खर्च मला मिळावा, गॅरेजचे बिल आणि चऱ्यांचे फोटो जोडले आहेत. तुमचा माणूस जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र रात्री इथे मुक्कामाला आला तर माझी गाडी मी उघड्यावर उभी करीन. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने स्प्रे मारून पाहावा आणि माझ्या शेजारी बसून तलावापर्यंत यावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे या कायद्याने दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तुमच्या कार्यालयाचे ते उत्तर मी जपून ठेवले आहे.

आपला,
पर्यटक टॅक्सी मालक-चालक
लिंगमळा, महाबळेश्वर, जि. सातारा