शाळा आमच्याच मुलाने का सोडायची?

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमला जाईल आणि मुलांमधील छळाच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत लेखी दखल घेतली जाईल, असे आश्वासन आपण सभागृहात दिले होते. त्यावर विसंबून आम्ही मुलाच्या शाळेत लेखी तक्रार केली. तिचे उत्तर काल मिळाले, तेही तोंडी : 'तुमचा मुलगा फार हळवा आहे, दुसऱ्या शाळेत घालून पाहा.' समुपदेशकाची खोली मात्र शाळेत आहे; तिच्यात क्रीडासाहित्य ठेवतात.

वर्षभर त्याचे दप्तर लपवले गेले, त्याच्या बोलण्याच्या नकला झाल्या आणि घरी आल्यावरही मोबाइलवर वर्गाच्या ग्रुपमध्ये त्याचे विद्रूप केलेले फोटो फिरत राहिले. यावर शिक्षकांनी काय केले, तर छळणाऱ्या मुलाला आणि त्याला समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावले. महोदय, दोन तुल्यबळ मुलांच्या भांडणात हा उपाय शोभतो. जिथे एकाच्या मागे अर्धा वर्ग उभा असतो आणि दुसऱ्याच्या मागे कुणीच नसते, तिथे समेट कसला करायचा? त्या दिवसापासून 'सरांना नाव सांगतोस काय?' हा नवा छळ सुरू झाला आणि मुलाने आम्हालाही काही सांगणे बंद केले. आता सकाळी पोट दुखते, एवढेच तो बोलतो. पोटात काहीही दोष नाही, असे डॉक्टर सांगतात, आणि मी रात्र रात्र त्याच्या खोलीचा कानोसा घेत जागी असते. आपल्या खात्याच्या कोणत्या रकान्यात हे भरायचे, तेवढे कळवावे.

सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणते, 'तूही एक ठेवून दे'; कुणी म्हणते, 'दुर्लक्ष कर'. छळणाऱ्या मुलाच्या वडिलांनी 'आमच्या घरात असले संस्कार नाहीत' असे सांगून फोन ठेवला. म्हणजे संस्कार कमी पडले ते मार खाणाऱ्याचेच!

जगात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला महिनाभरात सहाध्यायांकडून छळ सोसावा लागतो, असे युनेस्कोचा २०१९ चा अहवाल सांगतो. या हिशेबाने चाळीसच्या वर्गात तेरा मुले झाली. आपल्या शाळांच्या नोंदी पाहाव्यात तर सगळीकडे शून्य. नॉर्वेने १९८३ मध्ये शाळेतील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली, ती तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर. आपल्याला किती लागतील? फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर राबवलेल्या 'किवा' उपक्रमात नुसती बघत उभी राहणारी मुलेही हाताशी धरली जातात, कारण छळणाऱ्याला बळ मिळते ते प्रेक्षकांकडून. आपल्या व्यवस्थेत तर मुख्याध्यापकांपासून सचिवांपर्यंत सगळेच प्रेक्षक! निकालाची टक्केवारी घसरली की चौकशी बसते. मूल खचले की पालकांनाच समजूतदारपणा शिकवला जातो.

आमच्या तक्रारीचा लेखी निर्णय, छळणाऱ्या मुलांच्या पालकांची अधिकृत बैठक आणि त्या मुलांचेही समुपदेशन, कारण तीही मुलेच आहेत, एवढे मला हवे आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी मी अर्ज करणार नाही. तो आम्हाला द्यायचाच असेल, तर 'कारण' या रकान्यात खरे कारण लिहून शाळेने त्याखाली सही करावी.

आपली,
एक पालक