दर २१ दिवसांचे इंजेक्शन गावातच मिळावे

मा. संपादक,

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया शिबिरांच्या बातम्या अधूनमधून वाचतो. शिबिरे हवीतच. पण त्यांतली बहुतेक मुले जन्मतः हृदयाला छिद्र असलेली असतात. आमच्याकडे दुसरीही मुले आहेत. जन्मली तेव्हा ठणठणीत होती, हृदय बिघडले ते शाळेत जायच्या वयात. त्यांची बातमी होत नाही.

सुरुवात घशापासून होते. साधारण ५ ते १५ या वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा सुजतो, मिठाच्या गुळण्यांनी बरा वाटतो. त्यातल्या थोड्या मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे धरतात. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. हा संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हर. घरचे म्हणतात, "वाढीचं दुखणं हाये." दुखण्याची गोळी दिली की सांधे मोकळे होतात आणि घोटाळा इथेच होतो, कारण हृदयाच्या झडपा आतून सुजलेल्याच राहतात. ताप उलटला की दर खेपेला त्या आणखी खराब होतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी कापूस वेचताना तासाभरात धाप लागून धुऱ्यावर बसायची. "कामचुकार झाली," असे आई म्हणे. नागपूरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली तेव्हा झडप आकसल्याचे कळले. घशाचा जंतू पुन्हा लागून ताप उलटू नये म्हणून डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन लिहून दिले. निदान १० वर्षे, कदाचित चाळिशीपर्यंत.

औषध जुने आणि स्वस्त. पांढरी भुकटी पाण्यात कालवायची. द्रावण इतके दाट की बारीक सुईत अडकते. टोचल्यावर पोरगी दिवसभर लंगडते, पण कुरकुर करत नाही. अडते ते आरोग्य केंद्रात. आधी "बाहेरून आणा". मेडिकलवाला म्हणतो, यात सुटत काही नाही, म्हणून ठेवत नाही. तालुक्याहून आणले तर केंद्रात विचारतात, "रिअ‍ॅक्शन आली तर जबाबदार कोण?" मग जिल्ह्याची एसटी आणि आईचा रोज बुडणार. वेचणीच्या दिवसांत तो बुडवणार कोण? डोस हुकतो तो तेव्हाच.

रिअ‍ॅक्शनची भीती खोटी नाही, पण गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचितच येते. लसीकरणाच्या दिवशी याच केंद्रात रिअ‍ॅक्शनवरचे औषध, अ‍ॅड्रिनॅलिन, हाताशी ठेवतात. ते पेनिसिलिनच्या वेळी का चालू नये?

झडप बदलायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिथे सरकार हात आखडत नाही. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि रक्ततपासणी वारंवार. मुलीच्या जातीला पुढे बाळंतपण जोखमीचे. म्हणून सोयरीक जमवताना आजार लपवतात, आणि सासरी कोणाला कळू नये म्हणून इंजेक्शनही बंद होते. हे मी पाहिले आहे.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. पथक वर्षातून एकदा शाळेत येते, संशय आला तर पुढे पाठवते. पण निदान झालेल्या मुलाचे नाव परत गावाच्या केंद्रात येऊन तिथे त्याचे कार्ड झाले पाहिजे. गरोदर बायांची यादी आशाताई चोख ठेवतात. त्यांना ही दोन-चार नावे जड नाहीत. गडचिरोली-मेळघाटातल्या आश्रमशाळांत मुले दाटीवाटीने झोपतात, तिथे घसा एकाचा दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. अशा घशावर नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळाले तर पुढचा ताप बहुतेक टळतो.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी दसऱ्याच्या आत, म्हणजे वेचणी लागण्यापूर्वी, कोणत्या केंद्रात हे इंजेक्शन आहे आणि ते कोणत्या वारी दिले जाते याची यादी जाहीर करावी.

– एक निवृत्त शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)