मे महिन्याच्या हंगामात पोरांना कामावर घेण्याबाबत सूचना

सर्व बागायतदार, खानावळ आणि घरगुती निवासवाल्या सभासदांना कळविण्यात येते की,

आंब्याच्या पेट्या भरायला माणसं मिळत नाहीत, हे खरं. पण म्हणून शेजारच्या वाडीतला सातवीतला पोरगा रोजावर घेऊ नका. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणं बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीपासून सरसकट बंद आहे. आंबा असो, काजू असो की पर्यटकांची ताटं उचलणं. मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. "त्याच्या आईनेच पाठवला" म्हणून मालक सुटत नाही.

घरच्या पोरांचं काय, हे दोघातिघांनी विचारलं. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावता येतो, काम धोक्याचं नसेल तर. आईबाप, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी यांचा धंदा घरचा धरतात. गाववाला 'काका' त्यात येत नाही! काजू सोलायला मात्र घरच्या पोरांनाही बसवू नये असं माझं मत. टरफलाचं तेल हात भाजतं.

14 पूर्ण ते 18 च्या आतली मुलं धोका नसलेल्या कामाला चालतात. पण दुकान-खानावळीत विश्रांती धरून दिवसाला 6 तासच, आणि संध्याकाळी 7 नंतर सकाळी 8 पर्यंत नाही. रात्रीच्या जेवणावळीला त्यांना थांबवू नका. वयाचा दाखला आधी बघा, मिशीवर जाऊ नका.

कुठे लहान मूल राबताना दिसलं तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा.

– सचिव