ग्रहांच्या चित्राखाली ते कसे मिळाले, हेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकताच अंतराळ संशोधनावरचा पानभर लेख वाचला. लेख चांगला होता. तक्रार आहे ती त्यासोबतच्या चित्रांविषयी. शुक्रावरचा ज्वालामुखी, गडद निळा नेपच्यून, लाल सूर्याच्या उजेडात चमकणारे पाणी असलेला एक दूरचा ग्रह आणि चंद्रासह पृथ्वी अशी चार चित्रे शेजारीशेजारी मांडून चारींखाली ‘छायाचित्र सौजन्य : नासा’ एवढेच छापले होते. चित्रे नासाकडूनच आलेली आहेत, यात शंका नाही. मात्र ती चार निरनिराळ्या रीतींनी तयार झालेली असून, त्यांतल्या दोनांना छायाचित्र म्हणताच येणार नाही.

दूरच्या ग्रहाचे प्रकरण सरळ आहे. ‘ट्रॅपिस्ट-१’ या सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हे चित्र प्रसृत झाले होते. हे ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना ताऱ्याचा उजेड एका टक्क्याहूनही कमी मंदावतो आणि त्या मंदावण्याच्या नोंदींवरून त्यांचा आकार व परिभ्रमणकाळ काढला जातो. त्यांच्या पृष्ठभागाचा फोटो कोणीही काढलेला नाही. पाणी, खडक, क्षितिज हे सारे चित्रकाराचे आहे आणि नासाने तसे चित्राखाली लिहिलेही होते; वर्तमानपत्रांच्या पानांपर्यंत येताना ते गळून पडले.

शुक्राचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. दाट ढगांमुळे शुक्राची जमीन वरून साध्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही, म्हणून ‘मॅगेलन’ यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारच्या लहरी सोडून तिचा नकाशा तयार केला. त्या नोंदींवरून संगणकावर ‘माट मॉन्स’ या ज्वालामुखीचा देखावा उभारण्यात आला. त्याचा नारिंगी रंग १९८२ मध्ये शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत ‘व्हेनेरा’ यानांच्या छायाचित्रांवरून घेतलेला आहे, तर डोंगराची उंची मुद्दाम २२.५ पट वाढवलेली आहे. सुमारे आठ किलोमीटर उंचीचा हा ज्वालामुखी इतका ऐसपैस पसरलेला आहे की प्रत्यक्षात तो पालथ्या परातीसारखा दिसेल. म्हणजे मोजमाप खरे, पण दृश्य रचलेले. अशा चित्राला खोटे म्हणणे अन्यायाचे आहे आणि छायाचित्र म्हणणेही चुकीचेच आहे.

नेपच्यूनच्या बाबतीत मात्र छायाचित्र अस्सल असूनही वाचकाची दिशाभूल होते. ‘व्हॉयेजर-२’ हे यान २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेले. त्याचा कॅमेरा रंगीत नव्हता. वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून कृष्णधवल छायाचित्रे घेऊन ती पृथ्वीवर एकत्र केली जात. ढगांचे पट्टे आणि मोठा काळा ठिपका नीट दिसावा म्हणून शास्त्रज्ञांनी रंगांतला फरक वाढवला आणि तसे त्या वेळी सांगितलेही. पुढे खुलासा मागे पडला आणि गडद निळा रंग तेवढा पाठ्यपुस्तकांत, तक्त्यांवर, शाळांच्या भिंतींवर कायम झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या आणि चिलीतील मोठ्या दुर्बिणीच्या निरीक्षणांशी ताळा करून जानेवारी २०२४ मध्ये दाखवून दिले की नेपच्यून बराचसा युरेनससारखाच फिकट हिरवट निळा आहे, थोडासा अधिक निळा इतकेच. इथे कोणी लबाडी केली नव्हती. एका ओळीची टीप छापायची राहिली, आणि ती तीस-पस्तीस वर्षे राहिली.

चौथे चित्र या सर्वांत अस्सल, आणि गंमत म्हणजे बनावट असल्याचा आळ नेमका त्याच्यावरच येतो. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या ‘डिस्कव्हर’ उपग्रहाने १६ जुलै २०१५ रोजी पृथ्वीसमोरून सरकणारा चंद्र टिपला. चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू त्यात समोर आहे. चंद्र मळकट राखाडी आणि कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो, कारण तो पृथ्वीच्या मानाने फारच थोडा उजेड परावर्तित करतो. चित्र मोठे करून पाहिले तर चंद्राच्या उजव्या कडेला हिरवी बारीक रेघ दिसते. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधली छायाचित्रे सुमारे तीस सेकंदांच्या अंतराने घेतली गेली आणि तेवढ्या वेळात चंद्र किंचित पुढे सरकला, म्हणून तिन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत. संगणकावर चंद्र रंगवणाऱ्याला ही रेघ सुचली नसती. पार्श्वभूमीला तारे नाहीत, हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. पण उन्हात न्हालेल्या पृथ्वीसाठी जेवढा अल्प काळ कॅमेरा उघडा ठेवतात, तेवढ्यात मंद तारे उमटतच नाहीत.

संगणकाचा हात लागला म्हणजे चित्र खोटे, ही कसोटी त्यामुळे टिकत नाही. तो हात तर प्रत्येकच चित्राला लागतो. त्या वस्तूकडून निघालेला प्रकाश प्रत्यक्ष एखाद्या कॅमेऱ्यावर पडला होता का आणि त्यानंतर चित्रात काय बदलले, हे विचारायला हवे. साध्या वाचकालाही थोडा तपास करता येतो. युरेनस आणि नेपच्यूनजवळ आजवर फक्त ‘व्हॉयेजर-२’ गेले आहे, तेव्हा नेपच्यूनचा ‘ताजा’ आणि अगदी जवळून घेतलेला फोटो कोणी पाठवला तर तो इतरांना पाठवण्याचे कारण नाही. नासाच्या ‘फोटोजर्नल’ संग्रहातल्या चित्रांना ‘पीआयए’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यासोबतच्या वर्णनात रंग, उंची, जोडकाम यांची माहिती दिलेली असते.

आपल्याकडचा अनुभवही ताजाच म्हणायला हवा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरत असताना दूरचित्रवाणीवर दिसत होते ते यानाकडून येणाऱ्या आकड्यांवर चालणारे संगणकीय चलच्चित्र होते. त्याच संध्याकाळी इस्रोने लँडरच्या कॅमेऱ्याचे खरे छायाचित्र दिले : करड्या जमिनीचा तुकडा, लँडरचा एक पाय आणि त्याची सावली. ते फारसे कोणी पुढे पाठवले नाही. सगळीकडे फिरले ते चंद्राच्या मातीत भारताची राजमुद्रा ठसठशीत उमटल्याचे चित्र, जे एका चित्रकाराने संगणकावर तयार केले होते. आता तर अशी चित्रे मोबाइलवर वाक्य लिहिले की क्षणात तयार होतात.

म्हणून विनंती अशी की, अंतराळविषयक चित्र छापताना फोटोओळीत ते छायाचित्र आहे, रडारवरून रचलेले दृश्य आहे की कल्पनाचित्र, हे स्पष्ट लिहावे; रंग बदललेले असतील तर तेही सांगावे आणि यानाचे नाव व चित्र घेतल्याचे वर्ष द्यावे. संस्थेच्या मूळ टिपेत हे सहसा तयारच असते, फक्त ते कापले जाऊ नये. जागेची अडचण असेल तर चारांऐवजी तीनच चित्रे छापली तरी आम्हा वाचकांची हरकत नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सातारा